कोऱ्या पाट्यांचा बाजार

आमच्या गटात चौदा माणसं होती आणि चौदाच्या चौदा कलाकार होती. नुसतं चित्र काढणारं माणूस एकही नव्हतं. दर रविवारी सकाळी सातला आम्ही बेळगावात कुठंतरी जमायचो, कधी किल्ल्याच्या खंदकाजवळ, कधी कॅम्पातल्या एखाद्या जुन्या बंगल्यासमोर, आणि घडीची स्टुलं उघडून बसायचो. पेनं जपानी, वह्या परदेशी, पाठीवरच्या पिशव्या एकसारख्या आणि त्यांवर गटाचं बोधचिन्ह. ‘पेन अँड इंक’ हे शब्द आम्ही देवाचं नाव घेतल्यासारखे उच्चारायचो. रंगात काम करणाऱ्यांची आम्हाला कीव यायची. रंग चुका झाकतो, असं आमचं ठाम मत होतं. चित्र होवो न होवो, तासाभरानं वही उंच धरून फोटो मात्र व्हायचा, मागं तीच इमारत दिसेल असा. त्या फोटोसाठी आमच्यातली एक बाई कायम पितळी पेला घेऊन यायची. पेला वहीशेजारी ठेवायचा, फोटो काढायचा, पेला पिशवीत. त्यात चहा असलेला मी दोन वर्षांत एकदाही पाहिला नाही.

मी एका विमा कंपनीच्या शाखेत काम करते आणि खासबागेत राहते. नवऱ्याची नोकरी फिरतीची. मुलगी धारवाडला कॉलेजला गेली आणि रविवार अंगावर यायला लागला, म्हणून मी त्या गटात गेले. लहानपणापासून माझा हात बरा होता, एवढंच भांडवल.

गटाचे प्रमुख म्हणजे सर. ते कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. पूर्वी ते लोकांच्या दिवाणखान्यांची छतं सजवून द्यायचे म्हणे. पण सगळे त्यांना सर म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. ते पांढरा कुर्ता घालायचे आणि त्याच्या उजव्या बाहीवर शाईचा एक डाग असायचा. चार-पाच रविवार गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की कुर्ते वेगवेगळे असतात; डाग मात्र त्याच जागी, त्याच आकाराचा असतो. हे ध्यानात येऊनही मी त्यांना सर म्हणतच राहिले.

“रेघ बोटातून येत नाही,” सर सांगायचे, “ती बेंबीतून येते.” आम्ही तेरा जण माना डोलवायचो. त्या दिवसांत माझ्या बेंबीतून काही आलं असेल तर ते गडगडण्याचा आवाज, कारण नाष्टा न करता निघायचे.

पहिल्या रविवारी ओळखपरेड झाली. घराण्यात कला कुठून आली, ते प्रत्येकानं सांगायचं होतं. कुणाचे आजोबा संस्थानात छायाचित्रकार होते, कुणाची आत्या नाट्यगीतं गायची. पितळी पेलेवाल्या बाईंच्या पणजीच्या रांगोळ्या बघायला म्हणे गोरा साहेब यायचा. माझी पाळी आल्यावर मी म्हणाले, “वडील निपाणीचे. तंबाखूच्या व्यापारात.”

हे खोटं होतं. आमच्या जैन गल्लीत तंबाखूचा व्यापार करणारे पुष्कळ होते, पण माझे वडील, म्हणजे आण्णा, त्यांतले नव्हते. आण्णा लेबलं काढायचे. विडीच्या कट्ट्यावर, म्हणजे जुडीवर, चिकटवायचा कागद असतो ना, हाताच्या पंजाएवढा, त्यावरचं चित्र. राघू, समई, हत्ती, नांगरधारी शेतकरी. चाळीस वर्षं त्यांनी टाक आणि काळी शाई घेऊन हेच केलं. मध्ये लग्नपत्रिकांचे गणपती, पाण्याच्या पंपांच्या जाहिराती, सायकल दुकानांची पत्रकं. सुरुवातीच्या काळात तर त्यांना जस्ताच्या पत्र्यावर चित्र उलटं काढावं लागायचं, म्हणजे छापल्यावर ते सुलटं उठायचं. अक्षरंसुद्धा उलटी. मराठी उलटं, कन्नड उलटं. पुढं छापखान्यात कॉम्प्युटर आले आणि आण्णांचं काम थांबलं. त्यांनी टाक धुऊन ठेवला आणि ते माझ्या भावाच्या दुकानात जाऊन बसू लागले. कधी कुरकुर नाही.

माझ्या लेखी ते सगळं म्हणजे विडीचं काम. शाळेत असताना एका मैत्रिणीनं आमच्या घरी वाळत घातलेली लेबलं बघून नाक धरलं होतं, जणू कागदालाच तंबाखूचा वास येतोय. तेव्हापासून वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी व्यापार म्हणायचे. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, जपानी पेन हातात धरून, शाईचं काम करणाऱ्यांच्या टोळक्यात बसूनही मी तेच म्हणाले. शाईवर पोट भरलेला एकच माणूस माझ्या माहितीत होता, आणि त्याचाच मला पत्ता लागू द्यायचा नव्हता.

दोन वर्षांनी सरांनी प्रदर्शन ठरवलं. मुख्य चित्र बाजाराचं. पाच फूट लांब कागद, त्यावर खडे बाजारातली एक सकाळ. दुकानं, हमाल, हातगाड्या, सायकली, पिशव्या घेतलेल्या बायका. सरांनी आम्हाला घरी बोलावलं तेव्हा कागदावर पेन्सिलीची बाह्यरेषा तयार होती. अगदी नेमकी, एकेका माणसाच्या चपलेच्या अंगठ्यापर्यंत. आम्ही थक्क झालो. “एका बैठकीत उतरलं,” सर म्हणाले.

मग त्यांनी कामं वाटून दिली. आम्ही त्यात रेघा भरायच्या होत्या. याला ते ‘सामूहिक साधना’ म्हणत. एकानं कौलं भरायची, एकीनं विटा, दोघांनी सावल्या. माझ्याकडं बघून म्हणाले, “तुझ्या हातात लोखंड आहे.” त्या एका वाक्यावर मी आठवडाभर जमिनीच्या वीतभर वरून चालले. ऑफिसात पॉलिसीच्या कागदांवर शिक्के मारतानाही मनात तेच. माझ्या हातात लोखंड आहे.

मला शटर, हातगाड्यांची चाकं आणि पुढं उभी असलेली एक मोठी सायकल मिळाली. चार रविवार मी ती सायकल भरत होते. आरे, मडगार्ड, चेन. चेनची एकेक कडी मी वेगळी दाखवली. सर मागं उभे राहून म्हणायचे, “श्वास सोड.” मी सोडायचे. चित्र अजून अर्धं कोरं होतं, पण खालच्या कोपऱ्यात सरांची सही मात्र आधीच वाळून तयार होती.

दुकानांवरच्या पाट्या कोऱ्या होत्या. विटा भरणाऱ्या मुलीनं विचारलं, “सर, पाट्यांवर नावं कधी लिहायची?”

सरांनी डोळे मिटले. “तिथं मौन आहे,” म्हणाले. आम्ही परत माना डोलवल्या.

प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी आण्णा माझ्याकडं राहायला आले. त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता आणि निपाणीपेक्षा बेळगावात सोय बरी होती. ऑपरेशन चांगलं झालं. हिरवी पट्टी सुटली त्या दिवशी ते दारात उभे राहून समोरच्या घराकडं बघत राहिले.

“त्या भिंतीला तडा गेलाय गं,” म्हणाले. “आधी हुता का?”

“पहिल्यापासून आहे, आण्णा.”

“मला आज दिसला.” मग दिवसभर त्यांना असंच काय काय दिसत राहिलं. तांब्यावरचा ठोका, कॅलेंडरातल्या देवीचं सहावं बोट, माझे पांढरे केस. डोळ्यात दर चार तासांनी थेंब घालायचे होते आणि घरी दुसरं कुणी नव्हतं. प्रदर्शनाच्या दिवशी त्यांना एकटं सोडता येईना, म्हणून काळा चष्मा लावून मी त्यांना बरोबर घेतलं. खरं सांगायचं तर न्यायचं माझ्या मनात नव्हतं. रिक्षात मी त्यांना म्हणाले, “आण्णा, तिथं मोठमोठे लोक असतात. तुम्ही एका खुर्चीवर बसा.”

“बसतो की,” ते म्हणाले.

निमंत्रणपत्रिकेवर वर कन्नड, खाली मराठी, त्याखाली इंग्रजी. तिन्हीच्या अक्षरांच्या उंचीवरून सरांनी चार दिवस डोकं खाजवलं होतं. कारण एक बडे सरकारी अधिकारी येणार होते आणि एक मराठीचे प्राध्यापकही येणार होते, आणि दोघांनाही नाराज करायचं नव्हतं. सर अधिकाऱ्यांशी कन्नडात वाकले, प्राध्यापकांशी मराठीत वाकले. दोन्ही भाषांत वाकणं सारखंच दिसतं.

प्राध्यापक भाषणाला उभे राहिले आणि सरळ बाजाराच्या चित्राकडं बोट केलं.

“या पाट्या बघा! एकीवरही अक्षर नाही! ज्या सीमाभागात पाटीवर कुठली लिपी असावी यावरून आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडलो, तिथं एका कलावंतानं सगळ्या पाट्या पुसून टाकल्या! तो म्हणतोय, आधी माणूस वाचा, मग पाटी!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अधिकाऱ्यांनीही समाधानानं मान हलवली. ज्यावर आक्षेप घ्यावा असं एकही अक्षर नसलेलं चित्र त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असावं. सर डोळे मिटून, हात जोडून उभे होते. विटा भरणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही टाळ्या वाजवत होते, हे मी नाकारत नाही.

भाषणं संपल्यावर पाहुणे चित्र जवळून बघायला गेले. मी वळून बघते तर आण्णांची खुर्ची रिकामी. ते सगळ्यांच्या पुढं, काळा चष्मा कपाळावर सरकवून, काचेला नाक टेकवून उभे होते. मी धावत गेले, पण उशीर झाला होता.

“हे उलटं हाय,” आण्णा म्हणाले.

सरांनी हसून विचारलं, “काय उलटं आहे, आजोबा?”

“समदंच. ह्या सायकलची चेन डावीकडं हाय बघा. चेन कधी डावीकडं असतिया व्हय? उजवीकडं असतिया. आन्‌ ह्या हमालांचं खिसं. सगळ्यांचं शर्टाचं खिसं उजव्या छातीवर. घड्याळंबी समद्यांच्या उजव्या हातात.” ते अगदी शांतपणे, एका कारागिरानं दुसऱ्याशी बोलावं तसे बोलत होते. “फोटोवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं गिरवलं असणार. मग त्यो कागद पालथा घालून ह्या कागदावर घासला. चित्र उठतंय झकास, पर उलटं उठतंय. आमच्यात जस्तावर मुद्दाम उलटं काढायचो, म्हणून मला लगीच कळलं.”

सगळे सरांकडं बघू लागले. आण्णांना वाटलं, लोकांना नीट समजलं नाही. म्हणून त्यांनी पुढं सांगितलं, “म्हणून तर पाट्या कोऱ्या सोडल्यात. अक्षरं समदी उलटी आली असती. पुसून सुलटी काढता आली असती म्हणा, पर पाटीचं अक्षर काढायला वळण लागतंय. लई अवघड काम हाय त्ये.”

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं माणूस निघून गेलं. “आजोबा,” ते म्हणाले, “कलेत डावं-उजवं नसतं.”

“सायकलीत असतंय की,” आण्णा म्हणाले.

अधिकारी मोठ्यानं हसले. त्यांना मराठी चांगलं समजत होतं. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावून ते सायकलीऐवजी छताकडं बघू लागले.

पितळी पेलेवाल्या बाई पुढं आल्या. “आपण कोण? काय करता आपण?”

“मी व्हय? हिचा बाप,” आण्णांनी माझ्याकडं हात केला. “विडीची लेबलं काढायचो निपाणीत.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं. “तू तर म्हणाली होतीस, वडील तंबाखूच्या व्यापारात आहेत म्हणून.”

आण्णांनी ते ऐकलं. त्यांचे कान तल्लख आहेत. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि म्हणाले, “थेंब घालायची येळ झाली वाटतं.”

रिक्षात ते बाहेरच्या दुकानांच्या पाट्या बघत होते. आता व्यापाराची गोष्ट काढतील म्हणून मी अंग चोरून बसले होते. गोवावेसच्या चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, “त्या सायकलची चेन कुणी भरली?”

“का?”

“बाकीच्या कामापेक्षा हात येगळा हाय. बरा हाय. कड्या एकेक सुटी दावलीया.”

“मी भरली, आण्णा.”

मला वाटलं, आता तरी दोन शब्द बरे बोलतील. त्यांनी मान वळवून माझ्याकडं नीट बघितलं, नव्या डोळ्यानं.

“चार-चार तास त्या चेनवर नजर लावून बसलीस,” म्हणाले, “आन्‌ ती कुठल्या बाजूला हाय त्ये तुला दिसलं न्हाय?”

लहानपणी मी सायकलवरून शाळेला जायचे. सलवारीचा उजवा पाय चेनीत अडकून कितीदा फाटलाय, त्याला गणती नाही. आणि तरीही. सरांनी बाह्यरेषा दिली होती म्हणून मी ती भरली. त्यांनी माझ्या नाकाच्या जागी कान काढून दिला असता, तर मी त्यातही सुबक रेघा भरल्या असत्या आणि श्वास सोडला असता.

दुपारी गटाच्या व्हॉट्सअॅपवर चेनबद्दल एक अक्षर आलं नाही. वृद्धांना गर्दीच्या ठिकाणी आणू नये, त्यांचीच दगदग होते, असे तीन काळजीयुक्त संदेश आले. संध्याकाळी सरांचा मोठा मजकूर आला. बाजार आपण जाणीवपूर्वक उलटा रंगवला आहे, समाजच उलटा चालला आहे, काही सूक्ष्म निरीक्षकांच्या हे लक्षात आलं याचा आनंद आहे. ‘रंगवला’ हा शब्द वाचून मला त्याही अवस्थेत हसू आलं. रंगवणाऱ्यांची आम्हाला कीव यायची ना! मजकुराखाली बारा जणांनी हात जोडले. तेरावे सर स्वतः. मी फक्त एवढंच लिहिलं, “सर, मग सही सुलटी कशी?” पाच मिनिटांत मला गटातून काढून टाकण्यात आलं.

सरांचं काही बिघडलं नाही. बिघडेल असं वाटणारी मीच खुळी. सहा महिन्यांत त्यांनी ‘आरसा’ नावाचं प्रदर्शन केलं. त्यातली झाडून सगळी चित्रं उलटी होती. प्राध्यापकांनी त्यावर लेख लिहिला आणि त्यात पुन्हा कोऱ्या पाट्या आल्याच. बाजाराचं चित्र एका मोठ्या संस्थेच्या जिन्यात लागलं. माझ्या ऑफिसातले लोक तिथं गेले की मला येऊन सांगतात, “मॅडम, ती सायकल तुम्ही काढलेली ना? काय बारीक काम!” त्यांतल्या निम्म्या लोकांकडं सायकल आहे.

मी रविवारी एकटी जायला लागले. सिटी बसनं गावाबाहेर कंग्राळीला उतरायचं आणि शेताच्या कडेनं चालत जाऊन दिसेल ते काढायचं. पहिल्या दिवशी एका बाईच्या दारातली म्हैस काढली. ती बाई येऊन बघून गेली आणि म्हणाली, “आक्का, आमची म्हस गाभण हाय. ही तुमची उपाशी दिसतिया.” मी कागद फाडला आणि पुन्हा काढली. दोन वर्षांत सर मला जे सांगू शकले नाहीत, ते शेणाचे हात धुता धुता त्या बाईनं सांगून टाकलं.

मग एका दिवशी भावाचा निपाणीहून फोन आला. सर घरी आलेत, शाल-नारळ घेऊन, फोटोवाला बरोबर आहे. मी रजा टाकून बस पकडली. मी पोचेपर्यंत कार्यक्रम आटोपला होता. आण्णा शाल अंगावर घेऊन ओट्यावर बसले होते आणि माळ्यावरचा पत्र्याचा डबा रिकामा होऊन पडला होता. ‘सीमाभागाचा रेषावारसा’ नावाचं नवीन प्रदर्शन सर करणार होते. त्यासाठी लेबलांची सगळी मूळ चित्रं आण्णांनी त्यांना देऊन टाकली होती.

“सगळी?” मी ओरडले. “त्या माणसाला? आण्णा, तुम्हाला माहीत नाही का तो कोण आहे?”

“म्हाईत हाय की. सायकलवाला.”

“मग दिली कशाला?”

“त्यानं मागितली,” आण्णा म्हणाले. “तू कधी मागितलीस?”

ते रागानं म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं. पण त्यांचा आवाज साधा होता. हिशोब चुकतोय का ते विचारल्यासारखा. व्यापाराची गोष्ट त्यांनी त्या दिवशी ऐकली होती आणि आजवर तोंडातून काढली नव्हती. तेव्हाही काढली नाही.

प्रदर्शन निपाणीतच झालं. लेबलांची चित्रं मोठ्या काळ्या चौकटींत लावलेली. प्रत्येकाखाली ‘संकल्पना, शोध व संकलन’ म्हणून सरांचं नाव ठळक आणि त्याखाली आण्णांचं नाव, वाचायला ऑपरेशन केलेला डोळा लागेल एवढं. सरांनी भाषणात सांगितलं की अशी निर्दोष रेघ आता पुन्हा होणे नाही. आण्णांना पुढच्या रांगेतून उठवून चित्रांजवळ नेलं, कॅमेरे सरसावले. आण्णा एकेक चौकट बघत चालले. एका वाघापाशी थांबले, वाकून बघितलं आणि खदखदून हसायला लागले.

“ह्यो वाघ न्हवं,” म्हणाले. “मांजर हाय ही! मिशा बघा की. त्या वक्ताला वाघ कुठं बघितलाता मी? शेजारच्यांचं मांजर बसवून काढलाता. आन्‌ ह्या वाघावर आमच्या शेटनं दहा वर्षं विडी खपवली.”

सर घाईघाईनं माईकजवळ गेले. “बघा, केवढा हा विनय!” सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आण्णांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, “टाळ्या कशापायी?”

“लोकांना वाटलं तुम्ही विनयानं बोलताय.”

“कसला विनय?” ते वैतागले. “चुकलंय म्हटलं मी.”

प्रदर्शन संपून दोन महिने झाले तरी चित्रं परत येईनात. फोन केला की सर म्हणायचे, वारसा एका घराचा नसतो, समाजाचा असतो. शेवटी एका रविवारी मी सरळ त्यांच्या घरी गेले. हॉलमध्ये नवे सात-आठ जण जमिनीवर बसून एका लांब कागदात रेघा भरत होते. त्यात माझ्याच वयाची एक बाई एका घराचं छप्पर भरत होती, जीभ दातांत धरून, कौतुकानं. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. खालच्या रांगेतली कौलं वरच्या रांगेवर चढली होती.

“अहो,” मी तिला म्हणाले, “पाऊस आला तर सगळं पाणी घरात येईल.”

ती माझ्याकडं बघून गोड हसली. “सर म्हणाले, छपराला बंड करू दे.”

दोन वर्षांपूर्वी मलाही कुणी सांगितलं असतं तर मी असंच हसले असते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि सरांना म्हणाले, “चित्रं मिळाल्याशिवाय मी उठणार नाही. तोवर ह्यांना आण्णा जस्तावर कसं काढायचे, ते समजावून सांगते. पातळ कागद कसा वापरायचा तेपण.”

दहा मिनिटांत गठ्ठा माझ्या हातात होता.

तो घेऊन मी त्याच दिवशी निपाणीला गेले. मला वाटलं होतं, आण्णांना बरं वाटेल. त्यांनी परसात पोतं अंथरून चित्रं मांडली आणि एकेक उचलून उजेडात धरून बघू लागले. समई बाजूला ठेवली. राघू बराच वेळ बघितला. “ह्यो बरा उतरलाय,” म्हणाले आणि तो माझ्या हातात दिला. “तुला पायजे तर ने.”

“पाहिजे,” मी म्हणाले.

मग वाघ आला. आण्णांनी तो दोन बोटांत धरला. शेजारी आंघोळीचा बंब पेटलेला होता. मी ओळखलं आणि म्हणाले, “आण्णा, राहू दे की. जुना आहे.”

“जुना असला म्हणून काय? चुकीचा हाय,” ते म्हणाले आणि त्यांनी तो बंबात सारला. त्यामागून एक हत्ती गेला, त्याचा मागचा पाय म्हणे बैलाचा होता. त्यामागून दोन गणपती.

मी मधे पडले नाही. भाऊ स्वयंपाकघरातून ओरडत आला, तेव्हा मीच त्याला हातानं थांबवलं. पाणी कढत झालं आणि आण्णा पंचा खांद्यावर टाकून आंघोळीला गेले.